विचारून जायची वाट

खारबंदरचा विकास आराखडा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला, त्या दिवशी संध्याकाळी माझ्या आईने अंगणाचं बेडं बांधून टाकलं.

बेडं म्हणजे आमच्याकडचं फाटक. दोन खांबांना भोकं पाडायची आणि त्यातून आडवे बांबू सरकवायचे. गुरं शिरू नयेत म्हणून ते रात्री लावत आणि उजाडलं की काढत. माझ्या आठवणीत दिवसाउजेडी ते कधी लागलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी आईने बांबू सरकवले, वर सुंभाच्या गाठी मारल्या आणि ती आत गेली.

तुम्ही मंगळवारी गेलात. भेटायला येणारी माणसं म्हणतात, आता सगळंच बदललं असेल तुमचं. मी मान हलवते. त्यांना कसं सांगायचं, की सगळं बदललं ते तेव्हाच, त्या सुंभाच्या गाठींच्या दिवशी. मंगळवारपासून फक्त ज्याच्याशी त्याबद्दल भांडायचं तो माणूस घरात नाही.

तुमच्या मित्रांना स्मरणिका काढायची आहे. "चार पानं लिहून द्या वहिनी, हृद्य असं काहीतरी," असा निरोप आहे. हृद्य मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर लावून ठेवायचं, एवढंच माझं काम. तरी लिहायला बसले आहे. सावकाश लिहीन. तुम्ही आता मध्येच बोलणार नाही, हा त्यातला एक फायदा.

शोकसभा नारायण पेठेतल्या त्या सभागृहात झाली, जिथल्या खुर्च्यांना तुम्ही आयुष्यभर नावं ठेवलीत. खुर्च्या त्याच आहेत. व्यासपीठावर तुमचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी, जवळजवळ तेवढाच मोठा, एका गल्लीचा. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे नुसत्या दगडावर दगड रचून केलेल्या भिंती. त्यांवर शेवाळ, मधून उतरत जाणारी पाऊलवाट, टोकाला खाडीचा तुकडा. फोटो सुंदर होता. एकेक वक्ता उठत होता आणि त्या फोटोकडे हात करत होता. जुनं खारबंदर. शेकडो वर्षांच्या भिंती. विकासाच्या रेट्यापुढे एक अधिकारी उभा राहिला म्हणून हे टिकलं.

मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यातला डावा गडगा माझ्या आईने घातलेला आहे. उजवा शेजारच्या सुलूमावशीने. दोन्ही तुमच्या आराखड्यानंतर, एकाच उन्हाळ्यात. त्याआधी तिथे भिंत नव्हती, गल्ली नव्हती, फोटो काढण्यासारखं काहीच नव्हतं. तिथे अंगण होतं.

हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी. दुसरा सुलूमावशीचा विनायक, जो तुमच्या सभेसाठी रात्रभर एसटीत बसून आला होता आणि मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी त्याला बोलायला उठवलं. तो म्हणाला, नगरपालिकेने ठराव केला आहे, त्या वाटेला साहेबांचं नाव द्यायचं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, असं तुम्ही असता तर म्हणाला असतात.

आपली पहिली दिवाळी आठवते? आठवत असणारच. तुम्ही ती गोष्ट इतक्या जणांना सांगितलीत की तिच्यातून माझे आईवडील हळूहळू नाहीसेच झाले. उरले ते तुमचे बूट.

पावसाने उखडलेलं अंगण दिवाळीआधी नव्याने करतात. माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची, मग शेणाने सारवायची. ते वाळेपर्यंत त्यातून कोणी जात नाही. एरवी वरच्या आळीतलं सगळं गाव बंदरावर जायला आमच्या नि सुलूमावशीच्या घरांच्या मधून जायचं. दोन घरांचं मिळून ते एकच अंगण होतं. कुठे आमचं संपतं आणि कुठे तिचं सुरू होतं, ते सारवतानासुद्धा कोणी बघत नसे. पण अंगण ओलं असेल तेव्हा सगळे बाजाराकडून वळसा घालून जात. तेवढे दिवस.

तुम्ही आलात ते वरच्या आळीकडून, पुण्याचे नवे बूट घालून, त्या ओल्या अंगणातून सरळ. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा हातात चोपणं घेऊन उभे होते. तुम्ही मधोमध थांबून मागे वळून बघितलंत आणि म्हणालात, "हे ओलं आहे, असा बोर्ड लावायला हवा."

"असू दे," बाबा म्हणाले. "जावई आहेत."

तुमचे ठसे त्यांनी दुपारी पुन्हा चोपून काढले. तुम्ही झोपला होतात.

मग चार दिवस तुम्ही ओसरीवर बसून ती वाट बघितलीत. कामाला लागल्यासारखी बघितलीत. कोळणी टोपल्या घेऊन जायच्या, पोस्टमन जायचा, शाळेची मुलं, देवळाचे गुरव. प्रत्येक जण अंगणाच्या कडेला आला की हाक द्यायचा, "जात्ये हो काकू," आणि आई असेल तिथून, चुलीपासून, विहिरीपासून, उत्तर द्यायची, "जा गो." उत्तर आलं की पाऊल टाकायचं. आई घरात नसली तर सुलूमावशी द्यायची. दोघीही नसल्या तर माणूस क्षणभर थांबायचा, इकडेतिकडे बघायचा आणि जायचा. पण थांबायचा.

"रोज विचारतात?" तुम्ही मला विचारलंत.

"रोज."

"कधी नाही म्हणता का तुम्ही?"

"कशाला म्हणू?"

"मग विचारायचं कशाला?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी नवी होते आणि तुम्ही फार हुशार दिसत होता. मला वाटलं, तुम्हाला ते आवडलं आहे. आवडलंच होतं. तुम्ही वहीत त्याची चित्रं काढलीत, पुण्याला आल्यावर मित्रांना दाखवलीत. मी इतक्या वर्षांनी एवढंच म्हणते, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती कळणं यांत तुम्ही फरक केला नाही.

तुम्ही नगररचनेच्या कचेरीत वर चढत गेलात आणि खारबंदरचा आराखडा तुमच्या टेबलावर आला. सासुरवाडीचं गाव म्हणून तुम्ही तो नाकारू शकला असतात. मी तसं म्हटलंही होतं. "दुसऱ्या कोणाच्या हातात दिला तर महिन्यात रस्ता येईल," तुम्ही म्हणालात, आणि ते खोटं नव्हतं. वरून प्रस्ताव आला होता. घाटीपासून धक्क्यापर्यंत रुंद रस्ता, किल्ला बघायला येणाऱ्यांच्या बसगाड्या थेट पाण्यापर्यंत. कारण काय दिलं होतं, तर वरच्या आळीला बंदरावर जायला रस्ताच नाही, आजारी माणूस न्यायचा कसा. शेजारच्या बंदरात तो रस्ता झाला होता. तिथे बाजारपेठ अर्धी पाडली आणि उरलेल्या अर्धीवर लॉजच्या पाट्या लागल्या. तुम्ही मला तिथे नेऊन दाखवलंत. देवळासमोरचा पार कुठे होता ते आपल्याला सापडेना.

आराखड्यात तुम्ही काय काय घातलंत ते मला पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषय नसायचा. दोन मजल्यांवर बांधकाम नाही. वर कौलं. वाळूपासून अमुक अंतरात काही नाही. माडांच्या वर काही दिसता कामा नये. एक गृहस्थ घरी आले होते, त्यांना किल्ल्यासमोर हॉटेल बांधायचं होतं. ते दीड तास बसले. तुम्ही त्यांना चहा विचारला नाहीत. ते बाहेरगावचे होते. यात त्यांचा अपमान झाला आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, पुण्याची पद्धत समजून ते खुशीत गेले. त्या दिवशी आपण दोघं खूप हसलो. ते हसू मी तुमच्या खात्यातून काढून घेत नाही.

पण रस्ता अडवायला तुम्हाला एक मुद्दा हवा होता. वाटा आहेत, रस्ता नको, हे दाखवायचं होतं. म्हणून गावातली प्रत्येक पायवाट नकाशावर आली. सार्वजनिक पायवाट. पिवळी रेघ. अंगणाअंगणांतून जाणाऱ्या सगळ्या वाटा.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो नकाशा पसरून तुम्ही मला दाखवलात. मी गाव ओळखलं, मग घर ओळखलं, मग ती रेघ बघितली.

"ही वाट नाही," मी म्हटलं. "हे आमचं अंगण आहे."

"लोक जातात ना?"

"विचारून जातात."

"शरयू, कायद्यात 'विचारून' असं काही नसतं. एक तर वाट असते, नाही तर नसते."

"मग ती कायद्यात नेऊ नका."

"नाही नेली तर रस्ता येईल. अंगणही जाईल आणि घरही जाईल. काय हवंय तुला?"

मी मागच्या पऱ्याकडे बोट दाखवलं. पावसाळी ओहोळ आमच्या नि सुलूमावशीच्या परसामागून खाली उतरतो. त्याच्या काठाने वाट आहे. दोन घरांचं अंगण सोडून रेघ तिथून नेता आली असती. तुमच्या पहिल्या कच्च्या नकाशावर ती तिथूनच नेलेली होती. मी बघितली होती. पेन्सिलीची, खोडलेली.

"ती बदलली मी," तुम्ही म्हणालात. "सगळ्या गावाच्या अंगणातून रेघ जाते आणि साहेबांच्या सासूचं अंगण तेवढं सुटतं. कोण काय म्हणेल?"

हे तुम्ही फार शांतपणे म्हणालात. मला वाटतं, तुम्हाला त्या क्षणी स्वतःबद्दल बरं वाटलं. तुमच्यासारखी माणसं मी खूप बघितली आहेत या शहरात. निर्मळ, तत्त्वाची, कोणाचं देणं न ठेवणारी. स्वतःच्या माणसावर अन्याय केला की त्यांना आपण न्यायी असल्याची खात्री पटते. ज्यांनी लाच खाल्ली असती त्यांनी माझ्या आईचं अंगण सोडलं असतं. तुम्ही खात नव्हतात.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट, स्मरणिकेत हमखास राहून जाईल म्हणून इथे लिहून ठेवते. आपल्या सदाशिव पेठेतल्या इमारतीच्या बोळातून शेजारच्या क्लासची मुलं येजा करत. तुम्ही पुठ्ठ्यावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून लावलंत: "हा रस्ता नाही. येथून जाऊ नये. का, असे विचारू नये." सगळ्यांनी कौतुक केलं. मी दूध घेऊन वर येताना ती पाटी रोज वाचायची.

सुनावणी खारबंदरच्या शाळेत झाली. मी आईकडे गेले होते, म्हणून मीही जाऊन शेवटच्या बाकावर बसले. बाबा तोवर गेले होते. तुम्ही पुढे टेबलाशी, बाजूला कारकून. हरकत घेणाऱ्यांनी रांगेने यायचं. कारकुनाने आईचं पूर्ण नाव पुकारलं. ती उठली, पदर सारखा केला आणि तुमच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय हरकत आहे आपली?"

"माझ्या अंगणातून वाट दाखवल्ये, साहेब."

साहेब. पुरा वर्ग ऐकत होता. तुम्ही मान वर केली नाहीत.

"तिथून लोक जातात हे खरं ना?"

"जातात."

"केव्हापासून?"

"माझ्या सासूच्याही आधीपासून."

"मग आराखड्यात नवीन काय आहे?"

आईने एकदा दाराकडे बघितलं. मला वाटलं ती परत फिरणार. "नवीन काही नाही," ती म्हणाली. "आजवर ते मला विचारत. आता मी त्यांना विचारायचं, की माझ्या अंगणात तुळस कुठे लावू."

कारकून हसला. मागे कोणीतरी हसलं. तुम्ही लिहीत होता.

"आपली हरकत नोंदवून घेतली आहे. पुढचे."

दुपारी तुम्ही घरी जेवायला आलात. आईने पाट मांडला, पानाभोवती रांगोळी घातली, फणसाची भाजी केली, सोलकढी दोनदा वाढली. "आणखी घ्या, जावईबापू," म्हणाली. तुम्ही घेतलीत. तिच्या तोंडी तो शब्द मी त्या दिवशी शेवटचा ऐकला. नंतर ती तुम्हाला काहीच म्हणत नसे. वाक्यं अशी फिरवायची की नाव घ्यावं लागू नये.

पुण्याला परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, "तुझी आई हुशार आहे. मुद्दा बरोबर होता तिचा."

"मग?"

"मग काय? बरोबर मुद्द्याला कलम सापडावं लागतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्हाला वाटलं, मला घाट बघायला आवडतो.

रेघ कायम झाली. मग गावात बोलणं सुरू झालं, की पिवळी रेघ म्हणजे पहिली पायरी. आज वाट, उद्या रुंद करतील, कागदावर आली ती सरकारची झाली. हे खरं नव्हतं. तुम्ही पत्रक काढून ते खरं नाही असं सांगितलंत. पत्रक वाचल्यावर उरलेल्यांचीही खात्री पटली. ज्याने त्याने रेघेएवढी जागा सोडून आपल्या बाजूने गडगा घातला. हद्द दगडात बांधलेली बरी. बेडी बंद झाली, दारं पलीकडे वळवली. एका उन्हाळ्यात सगळं. आईने सुंभाच्या गाठी काढल्या आणि त्या जागी चिरे रचून घेतले.

सुलूमावशी तेव्हा आईला जे बोलली ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. ती आमच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "घरातला जावई, आणि तुला कळलं नाही? माझ्या अंगणात रेघ ओढत होता तेव्हा तू त्याला सोलकढी वाढत होतीस." ती रेघ आधी पऱ्याकडून होती, हे आईला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही आणखी वाईट दिसला असतात, म्हणून गप्प राहिले. मी तुमची बायको होते.

त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. विहीर एकच, म्हणून वेळा वाटून घेतल्या. गौरी आल्या, गेल्या. आईचे गुडघे दुखत होते, सुलूमावशीच्या दाराशी जायला बाजाराकडून वळसा पडे, तो तिला झेपत नव्हता, आणि झेपला असता तरी ती गेली नसती. दोघींमध्ये दोन गडगे आणि मध्ये वाट. त्या वाटेने आता कोणीही जाई. हाक थांबली. कशाला द्यायची? वाट सार्वजनिक होती.

आणि हेही लिहायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की मी वकिलासारखं एकाच बाजूचं मांडते आहे. रस्ता आला नाही. आजही धक्क्यावर उभं राहिलं की माडांच्या खाली कौलं दिसतात, कौलांच्या वर काही नाही. शेजारच्या बंदरावरून आलेला माणूस आमच्या धक्क्यावर गप्प होतो. ते तुमचं आहे. त्यासाठी तुमची दोनदा बदली झाली, बढती राहिली आणि तुम्ही त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नाहीत. मला नकाशा वाचायला तुम्ही शिकवलंत. मी नोकरी सोडावी असं तुमच्या आईला वाटत होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरात एक तरी माणूस वाचणारं हवं," आणि विषय संपवलात. रविवारी सकाळी चहा तुम्ही करायचात. अजून मला स्वतःच्या हातचा चहा रविवारी पचत नाही. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही त्या रेघेवर घालून ती पुसता येत नाही. मी करून बघितलं. तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढली ती तेच करत.

आई गेली तेव्हा तुम्ही आलात. तिला न्यायचं कुठून, असा प्रश्न निघाला. कोणीतरी म्हणालं, वाट आहेच की. पुढच्या दाराने तिला बाहेर काढून, वरच्या आळीने वळून, त्याच वाटेने खाली न्यायचं ठरलं. दोन गडग्यांमध्ये जागा इतकी कमी होती की खांदेकऱ्यांना तिरकं चालावं लागलं. तुम्ही डाव्या बाजूला होता. मी मागून येत होते, मला सांगितलेलं असूनही थांबले नव्हते.

सुलूमावशी तिच्या बाजूला कपडे धुवायच्या दगडावर चढून उभी होती. गडग्यावरून नुसतं डोकं दिसत होतं. आई तिच्यासमोर आली. कोणी हाक दिली नव्हती. कोणालाच ते सुचलं नाही, मलाही नाही. तिने उत्तर दिलं.

"जा गो," ती म्हणाली. "जा."

तुम्ही ऐकलंत. तुमची पावलं चुकली, मी बघितलं. तुमचं कोपर चिऱ्याला घासून सोलवटलं होतं. पुण्याला आल्यावर मी त्याला मलम लावलं, चांगले आठ दिवस. तुम्ही रोज हात पुढे करून बसायचात आणि आपण दोघं त्या कोपराकडे बघायचो. तेव्हा तुम्ही म्हणू शकला असतात. एकच शब्द होता. मी वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "भरत आलं."

शेवटच्या आजारपणात, अंथरुणावरून, एका दुपारी तुम्ही विचारलंत, "तिकडे अंगणं करतात का गं अजून?"

मी म्हटलं, "औषध घ्या."

उत्तर आता देते. नाही करत. आमच्या बाजूला रान माजलं आहे. विनायकच्या बाजूला ठोकळ्यांची फरशी आहे, शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लावायला. ते पाहुणे वाटेवर उभे राहून गडग्यांचे फोटो काढतात. त्यातलाच एक तुमच्या शेजारी लावला होता.

सभेच्या दुसऱ्या दिवशी विनायक घरी आला. आमसुलं आणली होती. सुलूमावशी आता अंथरुणाला आहे, ऐकू येत नाही. चहा झाल्यावर त्याने विषय काढला.

"ताई, पाटी लावायची तर तुमच्या गडग्यावर लावावी लागेल. वरून येताना तोच दिसतो. घर तुमच्या नावावर, म्हणून तुमची संमती हवी."

"पाटीवर काय लिहिणार?"

"साहेबांचं नाव आणि मार्ग."

"मार्ग?"

"पायवाट बरं नाही ना दिसत."

मी त्याला विचारलं, की मी माझा गडगा काढून टाकला, आणि त्याने त्याचा, तर?

तो हसला नाही. त्याने खरोखर विचार केला. "काढता येईल," तो म्हणाला. "पण मग ताई, मोटारसायकली सरळ ओसरीपर्यंत येतील. अडवणार कोणत्या तोंडाने? वाट सार्वजनिक आहे. आता गडगा आहे म्हणून घर आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि बाहेरच्यांना तो आवडतो. जुना वाटतो."

"तुझ्या आईला कोणी विचारलं का पाटीचं?"

"तिला ऐकू येत नाही हो."

"लिहून दाखव."

त्याने कप खाली ठेवला. मी त्याला सांगितलं, माझी संमती नाही. ठराव करणाऱ्यांना काय सांगू, त्याने विचारलं. सांग, घरमालकिणीने नाही म्हटलं. कारण विचारतील, तो म्हणाला. मी म्हटलं, कारण हेच की मला विचारलं, म्हणून नाही म्हणता आलं. त्याला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. पिशवी उचलून तो दारापाशी गेला, चपला घातल्या, आणि "येतो ताई," म्हणून जिना उतरला.

इतकी वर्षं मी तुमच्या विरुद्ध एकच वाक्य घडवत होते. भांडणात ते नेमकं सुचायचं नाही. आता सुचलं आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या अंगणातून शेकडो माणसं गेली. न विचारता गेलेले एकटे तुम्ही. आधी बुटांनी, मग पेन्सिलीने.

स्मरणिकेला हे चालणार नाही. त्यांनी परत पाठवलं तरी मला चालेल. बोळातली तुमची पाटी मी काल काढली. पुठ्ठा पावसाने फुगला होता, अक्षर अजून सुंदर आहे. क्लासची मुलं सकाळपासून येजा करताहेत.

खारबंदरला रस्ता नाही. कौलं आहेत, माड आहेत. आमच्या घरासमोर दोन गडगे आहेत, मध्ये वाट आहे आणि नकाशावर तिला पिवळी रेघ आहे. तिला नाव नाही. तिच्यावरून जाताना कोणी हाक देत नाही.